विस्तव आत, वारा बाहेर

छत्रपती संभाजीनगराहून दौलताबादचा घाट चढून आमच्या खुलताबादेस आले, की हवेत फरक पडतो. गाव पठारावर आणि म्हैसमाळचा डोंगर जवळच. दिवाळीचा फराळ अजून डब्यात असतो तोच इकडे गोधड्यांना ऊन दाखवले जाते, न्हाणीघरातला बंब पेटतो आणि माळ्यावरची शेगडी खाली येते.

थंडीत प्रत्येक घर दोन कामे करते. विस्तव आत आणते आणि वारा बाहेर ठेवते. एकेकटे पाहिले तर दोहोंत काही वावगे नाही. दोन्ही एकाच खोलीत जमले, की मात्र जिवाशी गाठ पडते.

आमच्या सासूबाईंना हे पटवायला मला चार संध्याकाळी लागल्या. “सूनबाई, आमचा सारा जन्म शेगडीपाशी गेला. आम्हांला काही झाले का?” हा त्यांचा सवाल. सवाल रास्तच होता. पण त्यांच्या काळचे घर माळवदाचे. धूर जायला वर झरोका, दारांना बोटबोट फटी. आज त्याच जागी स्लॅब आहे, खिडक्यांना काचा आहेत आणि दारे चपखल बसतात. शेगडी तीच राहिली, घर बदलले. अशा बंद खोलीत निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू साठत जातो. त्याला ना रंग, ना वास. डोके जड होते, गुंगी येते आणि माणूस झोपेतच जातो. अखेर आमचा तह झाला. रात्री शेगडी अंगणात आणि सासूबाईंच्या पायाशी गरम पाण्याची पिशवी!

गॅसच्या गीझरलाही हाच न्याय लागू. तो न्हाणीघराबाहेर बसवावा, मोकळ्या हवेत.

आग म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे ज्वाळा येतात. पण पुष्कळदा आधी धूर गाठतो. ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे संभाजीनगरच्या छावणीत शिंप्याच्या दुकानाला आग लागली आणि वरच्या मजल्यावर झोपलेले एकाच कुटुंबातले सात जण धुराने गुदमरून गेले. त्याआधी ३१ डिसेंबर २०२३ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, वाळूजला हातमोज्यांच्या कारखान्यातील आगीत सहा कामगार दगावले. दोन्ही वेळा माणसे झोपेत होती. झोपेत नाकाला धुराचा वास जागवीत नाही. म्हणून धूर होताच कर्कश वाजणारे बॅटरीचे लहानसे यंत्र मिळते, ते छताला लावणे शहाणपणाचे.

त्याहून महत्त्वाची आहे ती बाहेर पडण्याची वाट. चोराच्या भयाने आपण जाळ्या बसवतो, आतून कुलपे घालतो. मग किल्ली कुठे आहे, हे घरातल्या लहान मुलालाही अंधारात ठाऊक हवे. निदान एक जाळी उघडणारी असावी. जिन्यात जुनी रद्दी, सायकली रचू नयेत. धूर वर चढतो, म्हणून वाकून, रांगत बाहेर पडावे. सामानासाठी मागे फिरू नये.

दिवाळीची झाडलोट चालू आहे, तेवढ्यातच ही कामेही उरकावीत. गॅसची नळी पाच वर्षांची झाली असेल तर बदलावी. रात्री रेग्युलेटर बंद करावा. गॅसचा वास आला तर विजेचे बटण लावूही नये, बंदही करू नये. हा गॅस हवेहून जड, तो जमिनीलगत साचतो. दारे-खिडक्या उघडाव्यात, बाहेर पडावे आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे. पाणी तापवायची विजेची सळई लांबणीच्या वायरला जोडू नये. शेगडीची राख टोपलीत न टाकता पत्र्याच्या डब्यात, पाणी शिंपून ठेवावी, कारण राखेपोटी निखारा तासन्‌तास जिवंत असतो. चकलीच्या कढईने पेट घेतला तर पाणी ओतू नये. गॅस बंद करून वर झाकण सरकवावे. भाजलेल्या जागी हळद नको, शाई नको. वीस मिनिटे थंड पाण्याची धार धरावी.

आणि भिंतीवर ठळक लिहून ठेवावे: आगीसाठी १०१, कोणत्याही संकटात ११२. बंब खुशाल पेटवा, पण न्हाणीघरातल्या बंबापायी दारात दुसरा बंब बोलावण्याची पाळी कोणावर येऊ नये!