हलशीचा वराह आणि आजच्या शिल्पातील देह

बेळगाव : खानापूर तालुक्यातील हलशी येथे गोव्याच्या कदंबांच्या काळातील, १२व्या शतकातील भूवराह नरसिंह मंदिर आहे. भूदेवीला उचलून धरणाऱ्या वराहाचे मुख रानडुकराचे, तर देह मनुष्याचा. भाविकाला त्यात काही विचित्र वाटत नाही; बुडालेल्या पृथ्वीला वर काढण्यासाठी देवाने हे रूप घेतले, ही कथा त्याला ठाऊक असते.

समकालीन शिल्पकाराच्या पाठीशी अशी सर्वज्ञात कथा नसते. ऑस्ट्रेलियातील शिल्पकार पॅट्रिशिया पिचिनिनी यांच्या ‘द यंग फॅमिली’ (२००२) या शिल्पात डुकरीण आणि स्त्री यांच्या संयोगातून साकारलेली माता पिलांना पाजत पहुडली आहे. सिलिकॉनची सुरकुतलेली त्वचा, खरे मानवी केस आणि थकलेली माणसासारखी नजर. पाहणाऱ्याला आधी किळस वाटते, मग करुणा. माणसासाठी लागणारे अवयव प्राण्यांच्या देहात वाढविण्याच्या शक्यतेचा संदर्भ या शिल्पाला आहे.

ही शक्यता आता कल्पनेपुरती उरलेली नाही. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत जनुकीय बदल केलेल्या डुकराचे हृदय एका रुग्णाला बसविण्यात आले. तो सुमारे दोन महिने जगला.

देहाचे रूप बदलणारे शिल्प म्हणजे केवळ विद्रूपता नव्हे. हलशीत वराह पृथ्वीला तारतो. पिचिनिनींच्या शिल्पातील माता माणसाला तारण्यासाठी जन्माला आली आहे. पहिल्याला आपण हात जोडतो. दुसरीचे आपण काय देणे लागतो, हा प्रश्न शिल्पकाराने प्रेक्षकावर सोपविला आहे.