आधी धुळपाटी, मग पाटी

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लहान मुलांच्या अक्षरओळखीविषयी चार शब्द लिहावेत, अशी सूचना कार्यवाहांनी केली. मी वीस वर्षे प्राथमिक वर्गांस मराठी शिकवीत आहे आणि गेली काही वर्षे आपल्या बालवाडीकडेही लक्ष देते. या काळात पालकांनी मला सर्वांत अधिक वेळा विचारलेला प्रश्न एकच आहे : "बाई, आमचं मूल लिहू केव्हा लागेल?" ते मूल त्या वेळी साडेतीन वर्षांचे असते आणि आईच्या पदराआडून माझ्याकडे पाहत असते. या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी माझ्या हातून घडलेली एक चूक सांगणे मला भाग आहे.

माझा थोरला मुलगा चार वर्षे, चार महिने आणि चार दिवसांचा झाला, तेव्हा रीतीप्रमाणे आमच्या घरी त्याची बिस्मिल्ला झाली. आपणांपैकी पुष्कळांच्या घरी दसऱ्यास पाटीपूजन होते, पाटीवर एकाचे आकडे मांडून सरस्वती काढतात. तसाच हा आमचा विद्यारंभ. दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्या हाती पाटी दिली आणि रोज एक अक्षर गिरवून घेऊ लागले. बी. एड.ची पदवी माझ्यापाशी होती. बालमानसशास्त्राचा पेपर मी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाले होते. परंतु शेजारची मुलगी 'ज्ञ'पर्यंत लिहिते, ही गोष्ट माझ्या मनातून जात नव्हती. पंधरा दिवसांत पाटी घरातून नाहीशी झाली. शोधता शोधता ती तांदळाच्या डब्यात तळाशी सापडली. चार वर्षांच्या मुलाने ती तेथे पुरून ठेवली होती.

चूक मुलाची नव्हती, मी धरलेल्या क्रमाची होती. अक्षर प्रथम कानात शिरावे, मग बोटांत उतरावे आणि सर्वांत शेवटी पेन्सिलीत यावे. मी शेवटचे पाऊल पहिले टाकले होते. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या मनगटातील लहान हाडे अद्याप पुरती घट्ट झालेली नसतात. पेन्सिल चिमटीत धरून ती ताब्यात ठेवणे हे त्याला फार कष्टाचे काम असते. तो आळस करीत नाही, त्याचा हात खरोखरच दुखतो.

प्रथम कान

बालवाडीत पहिले दोन-तीन महिने आम्ही एकही अक्षर दाखवीत नाही. एका टोपलीत घरातल्या वस्तू ठेवतो : कप, कंगवा, कात्री, मका, माठ, मणी, गवत, गहू, गूळ. "क् ने सुरू होणारी वस्तू कोण काढील?" असे विचारले की मुले टोपलीवर तुटून पडतात. दुसरा खेळ नावांचा. आपल्या नावाचा पहिला आवाज आला की उभे राहायचे. तिसरा टाळ्यांचा : 'क-म-ळ' म्हणताना तीन टाळ्या, 'आ-ई' म्हणताना दोन. शब्द आवाजांचा बनलेला असतो, हे मुलाला या खेळांतून कळते. हे एकदा कळले की अक्षर म्हणजे त्या आवाजाची खूण, एवढेच शिकवावयाचे उरते.

आपल्या लिपीची येथे मोठी सोय आहे. इंग्रजी अक्षराचे नाव एक आणि शब्दातला त्याचा आवाज पुष्कळदा दुसराच. आपल्याकडे 'म' या अक्षराचे नावच 'म' आहे. म्हणून 'म मक्याचा' हे पालुपद वर्षभर घोकून घेऊ नये. ते आधारापुरते घ्यावे आणि लवकर सोडावे.

मग बोटे

डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोम शहरातील गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. खरखरीत कागदाची अक्षरे कापून ती गुळगुळीत पाटीवर चिकटवावीत आणि मुलांनी त्यांवरून बोटे फिरवावीत, ही त्यांची युक्ती पुढे जगभर गेली. आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढले. ताराबाई मोडक तेथे त्यांच्या सहकारी होत्या. ताराबाईंनी १९४५ साली अनुताई वाघ यांच्यासह बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडला नेले. महागडी साधने खेड्यात कोठून आणावयाची? म्हणून त्यांनी बिया, पाने, शंख-शिंपले हीच साधने केली. आपल्या बालवाडीचा खर्च पाहता आपणही त्यांच्याच वाटेने जावे, हे बरे.

खरखरीत अक्षरे कोणत्याही घरी करता येतात. सुतार लाकूड घासावयास वापरतात तो पॉलिशपेपर आणावा, त्यातून वीतभर उंचीचे अक्षर कापावे आणि जाड पुठ्ठ्यावर चिकटवावे. स्वरांचे पुठ्ठे एका रंगाचे व व्यंजनांचे दुसऱ्या रंगाचे असावेत. मुलाने पहिली दोन बोटे अक्षरावरून लिहिण्याच्याच दिशेने फिरवावीत आणि तोंडाने आवाज म्हणावा. एका वेळी दोनच अक्षरे घ्यावीत व ती दिसावयास वेगवेगळी असावीत. पाठाच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली, "हा म, हा ग." दुसरी, "म कुठला? तो मला दे." तिसरी, "हा कोणता?" दुसरी पायरी जितकी लांबवाल तितके चांगले : म खिडकीत ठेव, ग दाराआड लपव, म डोक्यावर घे. तिसरा प्रश्न घाईने विचारू नये. मूल चुकले तर "असे नाही" म्हणू नये. पुठ्ठे उचलून ठेवावेत आणि उद्या पहिल्या पायरीपासून पुन्हा खेळावे.

यानंतर धुळपाटी. हे साधन परदेशातून आलेले नाही. पूर्वी पंतोजींच्या शाळेत फळीवर धूळ पसरून त्यावर बोटाने अक्षरे काढीत. 'धुळाक्षरे' हा शब्द आपल्या भाषेत त्यावरूनच आला. कडा असलेल्या ताटात बोटाच्या अर्ध्या पेराइतकी बारीक चाळलेली वाळू पसरली की धुळपाटी तयार. चुकलेले अक्षर ताट हलविताच नाहीसे होते, खोडरबराचा डाग मागे राहत नाही, म्हणून भित्रे मूलही येथे धीट होते. पीठ मात्र वापरू नये. अन्न वाया घालविण्याचा पाठ त्याबरोबर नकळत दिला जातो.

बेंदराला मातीचे बैल करणारी मुले मातीचे अक्षर सहज करतात. मातीची वळी करावी. सरळ ठेवली की दंड, वाकविली की अर्धगोल, वळविली की गाठ. अंगणात खडूने हातभर मोठे अक्षर काढून त्यावर चिंचोके मांडावेत किंवा त्या रेघेवरून पावले टाकीत चालावे. मुले लहान वस्तू नाकाकानांत घालतात, म्हणून चिंचोक्यांच्या खेळाजवळून मोठ्या माणसाने हलू नये. गुंजा तर देऊच नयेत. त्या दिसावयास सुंदर असल्या तरी त्यांचे बी विषारी असते.

'ग म भ न'चे शहाणपण

वर्णमाला 'अ'पासून म्हणावी, पण लिहावयास 'ग म भ न'पासून आरंभ करावा, ही आपल्या जुन्या शिक्षकांची रीत विचारपूर्वक घातलेली आहे. 'अ' काढावयास अवघड. 'ग' आणि 'न' सोपे. शिवाय ही अक्षरे हाती येताच वाचन सुरू होते : मन, नग, मग, गगन, नमन, नभ. पुढे आइस्क्रीमची एक काडी द्यावी आणि तिला 'काना' म्हणावे. 'म'शेजारी काडी ठेवली की 'मा', दोनदा केले की 'मामा'. स्वतः घडविलेला पहिला शब्द वाचणाऱ्या मुलाचा चेहरा ज्यांनी पाहिला नसेल, त्यांनी एकदा बालवाडीत अवश्य यावे.

नंतरची अक्षरे आकाराच्या कुटुंबांनी घ्यावीत. 'व'च्या पोटात रेघ दिली की 'ब', उजवीकडे शेपूट दिले की 'क'. 'प'च्या पोटात रेघ दिली की 'ष', शेपूट दिले की 'फ'. 'म' आणि 'भ', 'घ' आणि 'ध' या जोड्या मुले हमखास चुकतात. 'भ' आणि 'ध' यांच्या डोक्यावरील रेघ तुटलेली असते, हे बोटाने चाचपून दाखविले की चूक कमी होते.

तीन लिप्यांचे गाव

आपल्या बेळगावच्या मुलांपुढे आणखी एक प्रश्न असतो. दुकानांच्या पाट्यांवर कन्नड, मराठी आणि इंग्रजी अक्षरे एकत्र दिसतात. आमच्या घरांतून तर 'अलिफ, बे' उजवीकडून डावीकडे जाते. पालक घाबरून म्हणतात, "मूल गोंधळून जाईल." अनुभव असा की आवाज पक्के असले तर मूल गोंधळत नाही. मराठीत कमळ, कन्नडमध्ये कमल, उर्दूत कँवल. तिन्हींचा पहिला आवाज एकच. कन्नडची वर्णमालाही 'अ, आ'नेच सुरू होते आणि 'क ख ग घ' याच क्रमाने चालते. कानाची तयारी कोणत्याही भाषेत झाली तरी ती सर्व भाषांना उपयोगी पडते. हाताच्या बाबतीत मात्र एका वेळी एकच लिपी घ्यावी, आणि धुळपाटीच्या ज्या कडेपासून आरंभ करावयाचा तेथे रंगीत ठिपका द्यावा. डावखुऱ्या मुलाचा हात कधीही बदलू नये.

एक विनंती

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही तीन ते आठ हे वय एकच पायाभूत टप्पा मानले असून खेळ व कृती यांवर भर दिला आहे. तेव्हा विश्वस्तांस माझी विनंती आहे की, बालवाडीत प्रवेश देताना मुलास काहीही लिहावयास लावू नये. आणि महोत्सवानिमित्त काही भेट द्यावयाचीच असेल, तर गिरविण्याच्या छापील वह्यांऐवजी वीस लाकडी ताटे व एक पोते बारीक वाळू द्यावी.

माझ्या मुलाचे पुढे काय झाले, हे सांगून थांबते. पाटीचा नाद मी सोडून दिला. माझ्या सासूबाई दुपारी परातीत तांदूळ निवडीत बसत आणि तो त्यांच्याजवळ बसून तांदळात बोटाने रेघोट्या काढी. एके दिवशी त्याने तेथे 'म' काढला. सासूबाईंनी हे काय म्हणून विचारले. त्या शाळेत कधीच गेल्या नव्हत्या. त्याने त्यांस सांगितले की हा तुमच्या नावातला पहिला आवाज, आणि त्यांचे बोट धरून तो त्यांच्याकडून तांदळात काढून घेतला. त्यानंतर रोज दुपारी त्या दोघांचा वर्ग भरू लागला. त्याने पाटी पुन्हा आपण होऊन मागितली, ती आजीला शिकविण्यासाठी. पुढल्या वर्षी सासूबाईंनी बँकेच्या कागदावर अंगठ्याऐवजी सही केली. ती पाटी अजून आमच्या घरी आहे.