हेडमास्तर आणि आठमाही पाणी

लेखमाला : चावडीवरचे राज्यकर्ते – भाग ६

डोनाल्ड ट्रम्प यांना महाराष्ट्रानं केव्हाच ‘तात्या’ करून टाकलं आहे. तात्या कुणाला काय बोलले, तात्यांनी कुणाची फजिती केली, तात्यांचे केस; मोबाइलवर विनोदांना तोटा नाही. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेत जाणाऱ्या बऱ्याचशा भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लागू झालं, तेव्हाही आधी आले ते विनोदच. त्याच्या आठवडाभर आधी, १९ ऑगस्टला, केंद्र सरकारनं कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क उठवलं होतं. कापड उद्योगाला कच्चा माल स्वस्त मिळावा हा हेतू. ही सवलत आधी ३० सप्टेंबरपर्यंत होती, मग ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. म्हणजे नांदेड-परभणीचा कापूस वेचून बाजारात येण्याच्या ऐन दिवसांत. तात्यांच्या स्वभावावर रंगणाऱ्या गप्पांत हे ११ टक्के क्वचितच कुणाच्या तोंडी आले. राज्यकर्त्याच्या स्वभावाची चर्चा रंगली, की त्याच्या धोरणाची चौकशी राहून जाते, असं माझं म्हणणं आहे. याचा सर्वांत बोलका पुरावा आपल्या उशालाच आहे. नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या प्रकल्पाला आणि त्याच्या जलाशयाला, शंकरसागराला, ज्यांचं नाव आहे, त्या शंकरराव चव्हाणांची ती कहाणी आहे.

शंकरराव दोनदा मुख्यमंत्री झाले. १९७५ ते १९७७ आणि १९८६ ते १९८८. दोन्ही खेपा मिळून पाच वर्षंही भरत नाहीत. पण त्यांना चिकटलेलं ‘हेडमास्तर’ हे नाव आजही पुसलेलं नाही. वेळेची शिस्त, फायलीतली ओळ न् ओळ वाचण्याची सवय, हसण्यातला काटकसरीपणा, यावरून लोकांनी ते दिलं. सचिवालयाची पाटी काढून तिथं ‘मंत्रालय’ अशी पाटी लागली ती त्यांच्याच काळात, १९७५ मध्ये. बदली मागायला गेलेला कर्मचारी असो की परवान्यासाठी खेटे घालणारा कार्यकर्ता, मास्तरांपुढं छडीची भीती, एवढंच बाहेर येऊन सांगितलं जाई. आत काय ठरलं, हे विचारायची कुणाला फारशी निकड वाटत नसे.

आत बरंच काही ठरत होतं. दुसऱ्या खेपेला त्यांनी शून्याधारित अर्थसंकल्प आणला. गेल्या वर्षी अमुक खर्च झाला, म्हणून यंदा त्यात दहा टक्के वाढवा, हा सरकारी शिरस्ता मोडून प्रत्येक योजनेनं आपली गरज पहिल्यापासून सिद्ध करावी, अशी ती कल्पना. ते बाजूला ठेवू. मला महत्त्वाचं वाटतं ते आठमाही पाण्याचं धोरण. कालव्याचं पाणी खरीप आणि रब्बीला द्यायचं, उन्हाळ्याचे चार महिने द्यायचं नाही. ऊस लावायचा तर लावा, पण उन्हाळ्यात आपल्या विहिरीवर जगवा. हिशेब सरळ होता. बारमाही उसाला एका एकरावर जेवढं पाणी लागतं, त्यात ज्वारी, गहू, हरभरा यांचे कितीतरी एकर भिजतात. तेच पाणी जास्त शेतांत, जास्त घरांत गेलं असतं. हा हिशेब मांडणारा माणूस उगाच छडी उगारत नव्हता; राज्याच्या पाण्यावर कुणाचा किती हक्क, हा प्रश्न त्यानं फळ्यावर लिहिला होता. साखर कारखानदारीचा विरोध अपेक्षितच होता. नवल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. ज्यांच्या शेताला या धोरणातून पाणी मिळालं असतं, ते कालव्याच्या शेपटाकडचे शेतकरीही मास्तरांच्या तिरसटपणावरच बोलत राहिले. जून १९८८ मध्ये शंकरराव दिल्लीला गेले आणि धोरण कागदावर उरलं. मंत्रालयाची पाटी तेवढी टिकली.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. मांजरा धरण कोरडं पडलं आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे लातूरला आली. ज्या खोऱ्यात साखर कारखाने उभे, त्याच खोऱ्यात घागरींच्या रांगा. विष्णुपुरीतही टंचाईच्या वर्षी ठरलेलं दृश्य दिसतं. पाणी पिण्यासाठी राखीव झालं, की पथकं जलाशयाच्या काठानं फिरतात, काठावरच्या मोटारी काढतात, केबल गुंडाळतात, स्टार्टर जप्त करतात. पथकाची पाठ फिरली की मोटारी पुन्हा पाण्यात. जलाशयाची क्षमता सुमारे ८० दशलक्ष घनमीटर, आणि नांदेड शहराची तहान त्याच्यावर. आठमाहीचा वाद धोरण म्हणून मिटवला नाही, म्हणून तो असा स्टार्टर पळवापळवीच्या पातळीवर टंचाईच्या दर उन्हाळ्यात खेळावा लागतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. राज्यकर्त्याचा स्वभाव आणि धोरण वेगळं काढता येतं का? याच शंकररावांच्या पहिल्या खेपेला आणीबाणी होती. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळानं तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक मंजूर केलं. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही, एवढंच. तिथं मास्तरी बाणा थेट माणसाच्या देहापर्यंत पोचला होता. मग लोकांनी स्वभावावर बोट ठेवलं यात चूक काय? चूक अशी, की ‘हेडमास्तर’ म्हटलं की ही सक्तीसुद्धा शाळेतली शिस्त वाटू लागते. कडक होते हो, पण भल्यासाठी, असं म्हणून ती पचवता येते. एकाच नावाखाली आठमाही पाणी आणि सक्तीची नसबंदी ही दोन्ही गेली. एकाला मिळायला हवं होतं ते पाठबळ मिळालं नाही, दुसऱ्याला व्हायला हवी होती ती झाडाझडती झाली नाही. टोपणनाव चांगल्यावाईटाची निवड करत नाही.

दुसरा आक्षेप असा, की गरिबाच्या हातात विनोदाशिवाय असतं काय? बरोबर आहे, आणि विनोदानं खुर्च्याही हलतात. २००८ मध्ये लातूर जिल्ह्यातल्याच दोघांच्या हलल्या. दिल्लीतल्या बॉम्बस्फोटांच्या संध्याकाळी केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील चाकूरकरांनी कपडे किती वेळा बदलले, यावर देश हसला. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर ताज हॉटेल पाहायला मुख्यमंत्री विलासराव देशमुखांनी एका चित्रपट दिग्दर्शकाला सोबत नेलं, यावर तो चिडला. दोघांनाही पायउतार व्हावं लागलं. हल्ला हाताळण्यात यंत्रणा कुठं कमी पडली, हे तपासायला राम प्रधान समिती नेमली गेली, तिचा अहवालही आला. बदललेले कपडे आणि दिग्दर्शकाचं नाव आजही चावडीवर पाठ आहे. प्रधान समितीनं पोलीस दलाबद्दल काय लिहिलं, हे विचारून पाहा. विनोदानं माणूस हटवता येतो, हे मान्यच. त्याच्या जागी आलेल्यानं समुद्रकिनाऱ्याचं, कालव्याचं किंवा कापसावरच्या शुल्काचं काय केलं, हे विचारणं मात्र हसून झाल्यावरही शिल्लक राहतं, आणि ते काम विरोधी पक्षावर किंवा वर्तमानपत्रांवर सोडून देण्याची सवय आपल्याला फार जुनी आहे.