जव्हारची जीप आणि आकडीचे औषध

"रक्तात औषधाचा आकडा फक्त ८! निदान १० तरी हवा ना? मग डोस वाढवायला नको?" मी माझ्या डॉक्टर मित्राला विचारले.

सकाळी जव्हारला त्याच्याबरोबर एक मूल पाहिले होते. पावलांवर सूज, दंड काडीसारखे, आणि आकडीसाठी फेनिटॉइन चालू. आता आम्ही मोखाड्याकडे निघालो होतो. पुढे माणसांनी खचाखच भरलेली एक जीप चालली होती.

"ती जीप बघ," मित्र म्हणाला. "आत बसलेला माणूस बाजार करू शकतो का? खाली उतरेल तेव्हाच करील. रक्तातली जीप म्हणजे अल्ब्युमिन नावाचे प्रथिन. फेनिटॉइनचे शंभरातले नव्वद भाग तिच्यात बसून फिरतात. काम करतात ते उतरलेले दहाच!"

"पण मग आकडा कमी का?"

"अरे, अल्ब्युमिन यकृतात तयार होते. उपासमार आणि वरचेवरची आजारपणे यांनी ते घटते. जीपच कमी झाल्या! तपासणीत बसलेले आणि उतरलेले मिळून मोजतात. बसलेले घटले म्हणून बेरीज ८ भरली. पण अल्ब्युमिन निम्म्यावर आले असेल, तर त्या आठाची कामगिरी निरोग्याच्या सोळाएवढी! अशात डोस वाढवला तर पोर झोकांड्या खाईल, गुंगीत पडेल."

वाचकहो, मी गप्पच झालो. १९९२-९३ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी जव्हारचे नाव महाराष्ट्रभर गेले. तेव्हा हा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघरमध्ये आहे. कुपोषण म्हणजे रिकामे पोट, एवढेच मी समजत होतो. ते औषधाचा हिशेबही बदलते, हे मला त्या घाटात कळले.

आणि ही गोष्ट केवळ डोंगरातली नव्हे. यकृत सुकलेले आपले आजोबा, मूत्रपिंडाच्या विकाराने लघवीवाटे प्रथिने गमावणारी आपली आत्या, यांच्याही रक्तात जीपा कमीच असतात. म्हणून रिपोर्टातला एकच आकडा पाहून गोळी वाढवू नये की घटवू नये. "अल्ब्युमिन किती आहे?" एवढे डॉक्टरांना जरूर विचारावे.

मित्राने त्या मुलाचा डोस वाढवला नाही. चिठ्ठीवर औषधाखाली त्याने आणखी एक ओळ लिहिली होती: रोज डाळ आणि एक अंडे.