शिकारी कुत्र्याची शाळा

मागच्या कार्तिकातली गोष्ट. पिपरी मेघेची घरे संपून वावरे सुरू होतात तिथे मी सकाळी मोत्याला फिरायला नेले होते. मोत्या कारवान जातीचा: लांब तोंड, खोल छाती, आत ओढलेले पोट. कडेच्या पऱ्हाटीतून ससा उठला. दोरी मी नुकतीच सोडली होती. हाक तोंडातून निघेपर्यंत कुत्रा दोन धुरे ओलांडून गेला आणि परतला तो ससा तोंडात धरूनच. शेजारचे शेतकरी बघत होते. त्यांना कौतुक वाटले. म्हणाले, ‘‘सर, कुत्रं लय तेज हाय. त्याले अजून शिकवा, म्हंजे रोह्यायले हाकलन.’’

मला मात्र लाज वाटली. ससा मेला होता, आणि सहा महिने मी ज्याला ‘ये’ शिकवत होतो त्याने माझी हाक ऐकलीच नव्हती. शिकारी कुत्र्याला शिकवणे म्हणजे नेमके काय, या प्रश्नाचा शोध त्या सकाळपासून सुरू झाला.

आपल्याकडे ही विद्या जुनी आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये ‘सारमेयविनोद’ असे स्वतंत्र प्रकरण आहे. सारमेय म्हणजे कुत्रा. पुढच्या काळात दख्खनच्या कोरड्या माळांवर सडपातळ, वेगवान कुत्री नावारूपाला आली. महाराष्ट्रात त्यांना कारवान म्हणतात, लांब केसांच्या वाणाला पश्मी. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही कुत्री जोपासली, म्हणून ‘मुधोळ हाउंड’ हे नाव पडले. २००५ साली या जातीवर टपाल तिकीट निघाले आणि २०१६ साली तिची पिल्ले प्रशिक्षणासाठी लष्कराच्या मेरठ येथील केंद्रात गेली.

माळावर ही जात का टिकली, ते तिच्या देहात दिसते. हे कुत्रे नाकाने नव्हे, नजरेने शिकार करते. लांब तोंडाच्या कुत्र्यांच्या नेत्रपटलावर तीक्ष्ण दृष्टीच्या पेशींचा आडवा पट्टा दाट असतो, त्यामुळे क्षितिजावरची लहानशी हालचालही त्यांना टिपता येते. भरधाव पळताना एका झेपेत दोन वेळा त्यांचे चारही पाय जमिनीपासून सुटतात. वास काढत माग घेणारी कुत्री वेगळ्या घडणीची: ती नाक जमिनीला लावून सावकाश चालतात आणि भुंकून धन्याला दिशा देतात.

हा फरक समजून घ्यायला अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रेमंड कॉपिंजर यांची मांडणी उपयोगी पडते. लांडग्याची शिकार ही एक साखळी आहे: शोधणे, नजर रोखणे, दबा धरणे, पाठलाग, पकड, मारणे, फाडून खाणे. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून प्रत्येक जातीत या साखळीचा एखादा दुवा वाढवला, एखादा कमी केला. पॉइंटर पक्ष्याचा सुगावा लागताच जागीच थिजतो. त्याच्यात धाव घेण्याआधीचा थांबा लांबवला आहे. रिट्रीव्हर मारलेला पक्षी अलगद तोंडात धरून आणतो. त्याची पकड राहिली, पण चावा सौम्य झाला. मेंढपाळ धनगरांच्या कुत्र्यांकडून तर ही साखळी सुरूच होऊ नये, अशी अपेक्षा असते. ती मेंढरांतच वाढतात आणि लांडग्याच्या चाव्यापासून मान वाचावी म्हणून त्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात.

म्हणजे पाठलाग करायला कुत्र्याला कुणी शिकवत नाही. ते रक्तात असते. शिक्षण असते ते थांबण्याचे. माझी चूक इथेच होती. एकदा धाव सुरू झाली की नजरेने शिकार करणाऱ्या कुत्र्याच्या कानावर हाक जवळजवळ पडतच नाही. हाक मारायची ती धावेच्या आधीच्या क्षणी: कान ताठ होतात, मान उंचावते, शरीर लाकडासारखे घट्ट होते, तेव्हा. तो क्षण फार तर दोन सेकंदांचा. त्यात त्याने माझ्याकडे वळून पाहिले की लगेच बक्षीस द्यायचे. बक्षीस उशिरा दिले तर ते कशाचे हे त्याला कळत नाही. सुरुवात अंगणात चेंडूवर, मग दहा मीटरच्या दोरीवर मोकळ्या रानात, आधी दूरची गुरे, मग जवळचे बगळे. दोरीला झटका द्यायचा नाही. दोरी शिक्षेसाठी नव्हे, चूक घडू नये म्हणून असते. मोत्याला सात महिने लागले. आजही पहाटे, ससे बाहेर असतात त्या वेळी, मी त्याला दोरीवाचून नेत नाही.

ही काटेकोर काळजी कायद्यालाही धरून आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला परवान्याने शिकार करता येत होती. १९९१च्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली. या कायद्यातील ‘शिकार’ या शब्दात मारण्याबरोबर फासे लावणे, पकडणे, त्यासाठी हाकणे आणि यांचा प्रयत्नही येतो. वर्ध्यात तर बोर व्याघ्र प्रकल्प जिल्ह्यातच आहे. मोकाट कुत्रे तिथे फक्त दातांनीच इजा करते असे नाही. कुत्र्यांना होणारा डिस्टेम्पर हा विषाणूजन्य रोग वन्य मांसभक्षकांनाही होतो. २०१८ साली गीरच्या सिंहांमध्ये तो आढळला.

शिकारी नाकाचाही आता उलटा उपयोग होतो. ‘ट्रॅफिक’ या संस्थेच्या उपक्रमातून २००८पासून वाघाचे कातडे, हाडे यांचा वास ओळखणारी कुत्री वनखात्यांसाठी तयार केली जातात. त्यांना माग काढायचा असतो तो शिकाऱ्याचा.

राहिला शेजाऱ्यांचा प्रश्न, आणि तो खराच आहे. रोही आणि रानडुकरे एका रात्रीत तुरीचे तास झोपवतात. जागलीला बसणारा माणूस थकतो. पण रोह्याच्या मागे धावणारे कुत्रे दुसऱ्या टोकाला सशाच्या मागे जाते, आणि परत येईलच असे नाही. त्यांना शिकारी नव्हे, राखणदार हवा होता: धुऱ्यावर बसून भुंकणारा, धुरा न ओलांडणारा.

मी त्यांना गावातलेच एक पिल्लू आणून दिले. ते आता दीड वर्षाचे आहे. मागच्या आठवड्यात तूर बघायला गेलो, तर ते बांधावर उभे राहून घसा फाडून भुंकत होते. पलीकडे रोही उभा होता. दोघेही जागचे हलले नाहीत. थोड्या वेळाने रोहीच वळला.