शीतकपाटातील पेयाचे बाष्पीभवन

यवतमाळ जिल्ह्यात उन्हाळा आला की घरोघरी माठ व रांजण भरले जातात. अनेक घरी आता शीतकपाटही आले आहे. ‘शीतकपाटात उघडे ठेवलेले सरबत आटते काय?’ असे विद्यार्थ्याने विचारल्यास ‘तेथे उष्णता नाही, म्हणून आटत नाही’ असे उत्तर देण्याचा मोह होतो. ते उत्तर चुकीचे होय.

उकळणे व बाष्पीभवन या भिन्न क्रिया आहेत. बाष्पीभवन केवळ पृष्ठभागावरून व कोणत्याही तापमानास होते. द्रवाचे सर्व रेणू सारख्या वेगाने फिरत नाहीत. त्यांतील वेगवान रेणू पृष्ठभाग सोडून हवेत जातात. थंडीत अशा रेणूंची संख्या घटते, परंतु शून्य होत नाही. ४ अंश सेल्सिअसला पाण्याच्या संपृक्त वाफेचा दाब पाऱ्याच्या सुमारे ६ मिलिमीटर असतो, तर ४० अंशांस तो सुमारे ५५ मिलिमीटर असतो. म्हणून शीतकपाटात ही क्रिया मंदावते, थांबत नाही. शिवाय कपाटाच्या अतिथंड भागावर वाफ हिमरूपाने साचते. त्यामुळे आतील हवा कोरडी राहून बाष्पीभवन चालूच राहते. तेथे उघडी ठेवलेली भाजी सुकते, ती यामुळेच. सरबतातील पाणी जाते. साखर व मीठ मागे उरते.

माठाचे कार्यही याच नियमाने चालते. त्याच्या सच्छिद्र अंगातून पाझरलेले पाणी वाफ होताना दर ग्रॅमला सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषून घेते व उरलेले पाणी गार होते. पावसाळ्यात हवा दमट असल्याने माठाचे पाणी तितके गार होत नाही.

वर्गात दोन सारख्या पेल्यांत समान पाणी घेऊन पातळीवर खूण करावी. एक पेला झाकावा, दुसरा उघडा ठेवावा. शक्य झाल्यास अशीच दुसरी जोडी एखाद्या घरच्या शीतकपाटात ठेवावी. आठवड्यानंतर विद्यार्थ्यांकडून पातळ्या मोजून घ्याव्यात. आरोग्य केंद्रातील लशींचे शीतकपाट मात्र यासाठी कदापि वापरू नये. त्यातील तापमान २ ते ८ अंशांत राखावयाचे असते व खाद्यपेये त्यात ठेवावयाची नसतात.

बेंबळा, पूस व अरुणावती यांच्या जलाशयांतूनही हिवाळ्यात, रात्रंदिवस पाणी उडत असते. जलाशयास झाकण घालता येत नाही. शाळेच्या पिंपास घालता येते. टंचाईच्या गावी हा पाठ मुलांच्या हातून तेवढे एक झाकण घालवू शकला, तरी तो सार्थकी लागला असे समजावे.