चाकाच्या पाठीवरचा आकडा

अलॉय व्हील घेताना आपण ते समोरून बघतो. काळा मॅट रंग, जाडजूड आरे, कडेला शोभेचे बोल्ट. चाकाची कुंडली मात्र त्याच्या पाठीवर ओतलेली असते. दुकानातल्या पोराला सांगून चाक पालथं करून घ्या आणि आऱ्यांच्या मागून बोट फिरवा. १७ × ७.५ जे. थोडं पुढे, ईटी ३०. पहिला आकडा रिमचा व्यास आणि रुंदी सांगतो, तोही इंचांत. दुसरा मिलिमीटरमध्ये असतो, आणि बहुतेक गिऱ्हाइकं त्याची चौकशीही करत नाहीत. गाडीचा स्वभाव बदलण्याची ताकद खरी त्याच्यात आहे.

उदाहरणाला टोयोटा हायलक्स घेऊ. ही पिकअप आपल्याकडे २०२२ मध्ये विक्रीला आली. ती जुळते कर्नाटकात बिडदीला. पण जुलै २०२४ मध्ये टोयोटाने आपल्या बिडकीनच्या ऑरिक वसाहतीत कारखाना काढण्याचा करार केला, म्हणजे बिडदी आणि बिडकीन अशी गंमत जमली आहे. तसंही छत्रपती संभाजीनगरला चाकांचं नवल नाही. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून चालू आहे, आणि तिथल्याच एन्ड्युरन्समध्ये दुचाकींचे ॲल्युमिनियमचे भाग ओतले जातात. या शहरात एक मिलिमीटर म्हणजे किती, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

तर ईटी, म्हणजेच ऑफसेट. चाक ज्या सपाट तोंडाने हबला टेकतं, ते तोंड रिमच्या रुंदीच्या बरोबर मधोमध असेल तर ऑफसेट शून्य. तोंड मध्यापासून बाहेरच्या बाजूला असेल तर धन, आतल्या बाजूला असेल तर ऋण. हायलक्सचा ईटी ३० म्हणजे तोंड मध्यरेषेच्या ३० मिलिमीटर बाहेर. त्यामुळे रिमचा मोठा भाग गाडीच्या पोटात जातो. आता हिशेब करू. साडेसात इंच म्हणजे १९०.५ मिलिमीटर, त्याचं निम्मं ९५.२५. त्यातून ३० वजा केले की हबच्या तोंडापासून रिम बाहेर येते ६५ मिलिमीटर, आणि आत जाते १२५.

समजा कुणी साडेआठ इंची, शून्य ऑफसेटची रिम बसवली. दिसायला रुबाबदार, पैलवानाने पाय फाकून उभं राहावं तशी. रिम बाहेर येते १०८ मिलिमीटर, आणि आतही १०८. म्हणजे बाहेरच्या बाजूला जवळपास ४३ मिलिमीटरची भर, आणि आत १७ मिलिमीटर मोकळी जागा. आतून टायर घासणार नाही म्हणून मालक खूश. मग पूर्ण स्टिअरिंग वळवलं की टायर पुढच्या बंपरला किंवा मडगार्डच्या मागच्या कडेला जाऊन घासतो. जागा तर वाढली होती, मग हे कुठून आलं?

याचं उत्तर अशा एका खिळ्यात आहे, जो गाडीत कुठेच नाही. पुढचं चाक वळतं ते वरच्या आणि खालच्या बॉल जॉइंटमधून जाणाऱ्या एका कल्पित रेषेभोवती. ही रेषा सरळ उभी नसते. वरचं टोक आत कललेलं, खालचं बाहेर. ती खाली वाढवत नेली तर टायर जिथे टेकतो त्या जागेच्या मध्याजवळच जमिनीला भेटते. तो मध्य आणि ही रेषा यांच्यातलं जमिनीवरचं अंतर इंजिनिअरांनी मोजूनमापून ठरवलेलं असतं. इंग्रजीतलं त्याचं नाव स्क्रब रेडियस. ते लहान असलं की टायर जवळजवळ जागच्या जागी वळतो. ऑफसेट ३० वरून शून्यावर आणला की टायरचा मध्य ३० मिलिमीटर बाहेर सरकतो, अंतर तेवढंच वाढतं, आणि टायर वळताना कमान काढत फिरायला लागतो. म्हणून तो नको तिथे घासतो.

घासणं तरी परवडलं. कन्नडच्या बाजूला एखाद्या पाणंद रस्त्याने जाताना एकच चाक दगडावर आपटतं, तेव्हा तो धक्का याच वाढलेल्या अंतराच्या तरफेने स्टिअरिंगपर्यंत येतो. अंगठे स्टिअरिंगच्या आत घालून धरू नका असं जुने जीपवाले सांगत, ते याच झटक्यापायी. व्हील बेअरिंगवरही भार मूळ जागेपासून बाहेर सरकतो, आणि तेही आपलं आयुष्य कमी करून घेतं. गाडीची सगळी भूमिती तीच, सस्पेन्शन तेच, बदलले फक्त तीन सेंटिमीटर! मला विचाराल तर आठ इंची रिम, ईटी २० च्या आसपास. ती मूळ चाकापेक्षा १६ मिलिमीटर बाहेर येते आणि टायरचा मध्य १० मिलिमीटरच हलतो. गाडी थोडी रुंद दिसते आणि हाताला फरक फारसा जाणवत नाही.

आता मापाकडे वळू. टायरवरची लिपी हे एक अजब मिश्रण आहे. २६५/६० आर १८ यात रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची रुंदीच्या टक्केवारीत आणि रिम इंचांत. हायलक्सच्या वरच्या मॉडेलला हा टायर येतो, आणि साध्या मॉडेलला २६५/६५ आर १७. एकाची रिम अठरा, दुसऱ्याची सतरा. पण पूर्ण टायरचा व्यास काढा: पहिल्याचा ७७५ मिलिमीटर, दुसऱ्याचा ७७६. अख्ख्या इंचाच्या फरकातून उरला एक मिलिमीटर! रिम लहान झाली तेवढंच रबर वाढलं. टायरची भिंत १५९ वरून १७२ मिलिमीटर झाली.

कच्च्या रस्त्यासाठी हे तेरा मिलिमीटर म्हणजे खरा खजिना. शहरात मोठी रिम शोभते, रानात जाड भिंत उपयोगी पडते. रिम आणि दगड यांच्यात हवा असते, आणि ती हवाच गाडीचा भार पेलते. दोन टनांवर वजनाच्या गाडीचा चौथा हिस्सा साधारण ५२५ किलो धरा. टायरमध्ये ३२ पीएसआय हवा म्हणजे चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलोचा दाब. भागाकार केला की जमिनीला टेकणारा तुकडा निघतो २३३ चौरस सेंटिमीटरचा, दोन पोस्टकार्डांपेक्षाही लहान. हवा १८ वर आणली की तोच तुकडा ४१० च्या पुढे जातो. टायरच्या भिंतीचा कडकपणा यात धरलेला नाही, पण अंदाज चुकीचा नाही. गंमत म्हणजे हा तुकडा रुंदीपेक्षा लांबीला जास्त वाढतो, आणि त्यासाठी भिंतीला वाकायला जागा लागते. सतराची रिम ती जागा देते. मात्र डांबरी रस्त्यावर परत येताच हवा भरायलाच हवी. कमी हवेचा टायर वेगात तापतो, आणि जोरात वळवला तर रिमवरून उतरूही शकतो.

आपल्याकडची जमीनही दोन तोंडांची. वेरूळची लेणी ज्या बेसाल्टात कोरली, त्याच बेसाल्टाची धारदार खडी खुलताबाद-कन्नडच्या वाटांवर पसरलेली असते; ती टायरची बाजू चिरते. आणि खाली सपाटीला उतरलात की काळी माती. पाणी पिऊन फुगणारी, चाकाला लपेटून बसणारी. तिच्यात रुंद टायर तरंगेल असं वाटतं, पण नक्षीच्या खाचा भरल्या की रुंद काय आणि अरुंद काय, सगळेच गुळगुळीत. वाफसा नसताना शेतात गाडी घालायची नाही, हा शेतकऱ्याचा नियम कोणत्याही ऑफसेटपेक्षा शहाणा आहे. लासूर स्टेशनला कांदा घेऊन येणाऱ्या बोलेरो पिकअप बघा. साधी लोखंडी डिस्क, बारीक टायर. डिस्क वाकली तर हातोड्याने सरळ होते. ओतीव अलॉय तडकतं, आणि तडकलेलं अलॉय फेकूनच द्यावं लागतं. घडीव अलॉय जास्त चिवट, पण त्याची किंमत ऐकून माणूस पुन्हा लोखंडाकडे बघायला लागतो.

मोठा टायर घातला की गाडी उंच होते हे खरं, पण व्यासाची निम्मीच वाढ खाली मिळते. २८५/७० आर १७ घातला तर व्यास ५५ मिलिमीटरने वाढतो आणि डिफरन्शियल जमिनीपासून २७ मिलिमीटरच उचलतं. बदल्यात स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी १०७ ने पळत असते, आणि घाटात प्रत्येक गिअर सात टक्के कमजोर होतो.

आणखी एक आकडा राहिला: ६ × १३९.७. सहा स्टड, १३९.७ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर. इतका विचित्र आकडा का? कारण तो बरोबर साडेपाच इंच आहे. महिंद्राने मुंबईत जुळवायला घेतलेल्या विलीज जीपचे पाच स्टडही साडेपाच इंचांच्याच वर्तुळावर होते, आणि २०२३ ची जिमनीही तेच वर्तुळ घेऊन आली. मोजमाप मेट्रिक झालं, भोकं जागची हलली नाहीत.

त्या भोकांतले स्टड गाडीचं वजन पेलतात असा आपला समज असतो. पेलतं ते घर्षण. नट आवळला की स्टड अगदी सूक्ष्म ताणला जातो, आणि त्या ताणाने चाकाचं तोंड हबवर घट्ट दाबलं जातं. दोन टन तोललेले असतात ते या दाबलेल्या तोंडांवर. म्हणून तोंडावर गंज, माती, रंगाचा थर नको. नटाची बैठक चाकाच्या भोकाशी जुळायलाच हवी. शंकूच्या भोकात चपटा नट टेकतोच कुठे? मधल्या भोकाचा व्यास १०६.१, बाजारातल्या रिमचं भोक त्याहून मोठं असेल तर चाक हबवर नेमकं मध्यावर बसवणारी रिंग मागून घ्या. चाकाच्या पाठीवर भार सोसण्याचा आकडा आणि जेडब्ल्यूएल-टी हा ट्रकच्या चाकांसाठीचा जपानी शिक्का दिसला तर बरंच. नुसता जेडब्ल्यूएल मोटारींसाठी असतो.

कायद्याचंही बघायला हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल यांचा रोख एकच आहे, कंपनीने नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत बदल नकोत. त्यामुळे एमएच २० च्या हायलक्सवाल्याला सर्वांत बिनघोर वाट म्हणजे अठरावरून त्याच गाडीच्या सतराच्या मापावर येणं. रिम बसवून चाक हाताने फिरवा, ब्रेक कॅलिपरला कुठे टेकत नाही ना बघा, मग स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण वळवा.

नट एअर गनने ठोकू देऊ नका. टॉर्क रेंच मागा, आणि समोरासमोरचे नट आलटून-पालटून आवळून घ्या. मग म्हैसमाळला जाऊन या. येऊन-जाऊन सत्तर-ऐंशी किलोमीटर होतात, तेवढ्यात नवी तोंडं एकमेकांत बसतात आणि ताण थोडा उतरतो. परत आल्यावर चाकं थंड होऊ द्या आणि तोच रेंच पुन्हा लावा.